महादेवाचा वार

माझ्या सासूबाई सोमवारला सोमवार म्हणत नसत. त्या म्हणायच्या, "महादेवना वार." मी नवीन लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, बाई फार भाविक दिसतात. पुढे कळलं की भाविकपणाशी याचा काही संबंध नाही. माझ्या सासऱ्यांच्या नावात चंद्र होता, आणि चंद्राच्या ज्या नावावरून त्या वाराला नाव मिळालं, तेच सासऱ्यांच्या नावाच्या सुरुवातीला होतं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हटल्यावर वाराचंही घ्यायचं नाही. हिशोब सरळ होता.

सासऱ्यांना मी पाहिलेलं नाही. माझा नवरा शाळेत असतानाच ते गेले. खानदेशातल्या त्या गावात माझ्या सासूने केळीच्या बागांत मजुरी करून दोन मुलं वाढवली, एक माझा नवरा आणि एक नणंद. नवऱ्याला सिल्वासाला कारखान्यात मेंटेनन्सची नोकरी लागली, मग मी आले, मग मलाही जवळच्या सायली गावातल्या एका सुताच्या कारखान्यात क्वालिटीत नोकरी मिळाली. मूल होणार म्हणताना गावाकडून सासूबाई आल्या. येताना एक ट्रंक, एक पाटा आणि ते न घेतलेलं नाव, एवढं घेऊन आल्या.

मी नाशिकची, आणि तोंडाने फटकळ. माझ्या लग्नात भटजींनी तांदळाचं ताट पुढे केलं, की नवऱ्याने अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहावं. मी नवऱ्याला आधीच बजावून ठेवलं होतं, की जुनंच लिही. त्याने निमूटपणे जुनंच लिहिलं. तेव्हा नाव या गोष्टीबद्दल माझं मत असं होतं, की ती माणसाची एक सोय आहे, पाठीवर हात ठेवण्याऐवजी लांबून बोलावता यावं म्हणून केलेली. सासूबाईंचं ते आडून आडून बोलणं ऐकलं की मला हसू यायचं. आमच्या इमारतीतल्या गुजराती बायकांची एकदा सौराष्ट्रात सहल निघाली, समुद्राकाठच्या त्या प्रसिद्ध महादेवाला. सासूबाई गेल्या. परत आल्यावर त्यांनी समुद्र सांगितला, देवळाची घंटा सांगितली, बसमध्ये कोणाला उलटी झाली तेही सांगितलं. पण ज्या देवाला एवढ्या लांब जाऊन हात जोडले त्याचं नाव काही तोंडातून निघालं नाही. देवाचं आणि नवऱ्याचं नाव एकच, मग करता काय!

मुलगा झाला. बारसं इथेच, आमच्या फ्लॅटमध्ये केलं. आमच्याकडे नाव ठेवायचा मान आत्याचा. नणंद जळगावहून आली ती गालातल्या गालात हसतच आली. पाळण्यात वाकून तिने बाळाच्या कानात कुर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत रीतीप्रमाणे धपाटे घातले, आणि ती सरळ झाली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते. तिने मोठ्याने नाव सांगितलं. तिच्या वडिलांचं, जसंच्या तसं. माझा नवरा, जो फ्यूज उडाला तरी चेहरा हलवत नाही, तो भिंतीकडे तोंड करून रडला. सासूबाई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेल्या. सगळ्या बायका म्हणाल्या, आनंद झाला हो म्हातारीला, धनी परत आला.

आणि आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, की आता ही बाई आपल्या नातवाला हाक कशी मारणार?

तिने मार्ग काढला. नवऱ्याला ती आयुष्यभर ज्या शब्दांनी हाक मारत आली होती, तेच शब्द तिने नातवाला वापरायला घेतले. सहा महिन्यांचं बाळ मांडीवर, तोंडाला दुधाचा वाडगा, आणि ही अगदी मानाने म्हणते, "आयकतस का, दूध पिई ल्या." ते तोंड फिरवतंय, दूध अंगावर सांडतंय, आणि हिचा मान ढळत नाही. "आयकतस का, आंघोळ करी ल्या." "आयकतस का, निजी जा आते." शेजारची भाभी यायची ती खास हे ऐकायला. बाळ बोलायला लागलं तेव्हा माझ्या मैत्रिणीने त्याला विचारलं, "तुझं नाव काय रे?" त्याने ऐटीत उत्तर दिलं, "आयकतस का." आम्ही पोट धरून हसलो. सासूबाईही हसल्या, पण तोंडावर हात ठेवून.

मी मात्र त्याला त्याच्या नावानेच हाक मारायचे, आणि चांगली खणखणीत. सुनेने सासऱ्याचं नाव घेऊ नये असं कोणी मला सांगायची हिंमत केली नाही. प्रत्येक हाकेला सासूबाईंच्या खांद्याला एक बारीक झटका बसतो, हे माझ्या लक्षात यायचं. हळूहळू होईल सवय, असं मी म्हणायचे.

इथे मला नावांबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण सिल्वासात मी नावांकडे नव्याने बघायला शिकले. आमच्या पॅकिंगमध्ये आसपासच्या पाड्यांवरच्या पुष्कळ मुली-बायका होत्या, आणि त्यांतल्या कितीतरी जणींची नावं वारांवरून पडलेली. मंगळवारी जन्मली ती मंगळी, बुधवारी जन्मली ती बुधी, शुक्रवारची ती शुक्री. आधी मला ही नावं ठेवणाऱ्यांचा आळस वाटला. मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत त्या सगळ्या एका ओळीत डबे उघडून बसल्या होत्या, आणि मला जाणवलं, की आठवडाच्या आठवडा इथे भाकरी खात बसलाय. आपण नाव ठेवताना मूल मोठं होऊन कोण व्हावं ते ठरवतो, वीर, विजयी, यशस्वी, विद्वान. यांनी फक्त एवढं लिहून ठेवलं, की तू आलीस, अमक्या वारी आलीस, आम्ही पाहिलं. याहून खरं नाव कुठलं असेल? माझ्या हातातला घास तसाच राहिला.

इकडे घरात मुलगा चार वर्षांचा व्हायला आला. बालवाडीत घातला. तिथे बाई हजेरी घेतात, नाव पुकारलं की ओ द्यायची असते. हा खेळ त्याला भारी आवडला. घरी येऊन त्याने आजीला पकडलं. "आजी, मन्हं नाव ले. मी ओ देस."

आजीने लाडू दिला, गोष्ट सांगितली, चिऊ दाखवली. पठ्ठ्या ऐकेना. दाराआड जाऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, नाव घेतल्याशिवाय मी येणार नाही. जेवण थंड होई. आजी म्हणे, "आयकतस का, या ना." तो आतून म्हणे, "ते मन्हं नाव नही!" शेवटी एक दिवस त्याने विचारलं, "आजी, तुले मी आवडत नही का?"

त्या संध्याकाळी मी कामावरून आले तर ट्रंक पलंगाखालून बाहेर काढलेली. सासूबाई घड्या घालत होत्या. म्हणाल्या, गावाला जाते, पोरगा आता मोठा झाला, माझं काम संपलं.

मला राग आला. माझ्या रागाला फार कारण लागत नाही, पण इथे तर होतंच. मी म्हटलं, "आई, नाव आहे ते, विंचू नाही. तोंडातून काढलं म्हणून कोणाला चावत नाही. नातवाच्या एका हाकेपेक्षा तुमची रीत मोठी झाली का?"

त्यांनी साडीची घडी मोडली आणि पुन्हा घातली. मी कसंबसं दोन दिवस त्यांना थोपवलं. माझ्या सुट्टीच्या दिवशी सुरंगीला जायचं आहे, तेवढं सोबत चला, मग जा, असं सांगितलं. आमच्या कारखान्याची सुट्टी सोमवारी असते. सासूबाईंच्या भाषेत "तुन्हा सुट्टीना दिन".

सुरंगीला माझ्या पॅकिंगमधल्या एका मुलीचं माहेर. ती बाळंतीण होती, तिला मुलगा झाला होता. मी झबलं-टोपडं आणि डिंकाचे लाडू घेतले, मुलाला घेतलं, सासूबाईंना घेतलं, आणि भाड्याच्या इको गाडीत दाटीवाटीने बसून आम्ही गेलो. गावात पोचलो तेव्हा भात झोडून झाला होता, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या होत्या. घराच्या अंगणात पाच-सहा माणसं जमलेली, आणि आतून बाळाचं रडणं येत होतं. साधं रडणं नव्हतं, घसा बसलेलं होतं.

माझी ही पॅकिंगमधली मैत्रीण ओटीवर बसली होती, डोळे सुजलेले. म्हणाली, "मॅडम, बरा झाला आल्या. दवाखान्यात दाखवला, डॉक्टर बोलला काय नाय. पण रडतंच. दूध नाय घेत. आजी बोलते, कोणतरी आपलाच आलाय, नाव मागते."

मला समजेना. तिने समजावलं. त्यांच्या घरात अशी रीत होती, की बाळ उगी होत नसेल तर समजायचं, घरातलं कोणी गेलेलं माणूस त्याच्यातून परत आलंय आणि त्याला आपलं जुनं नाव हवंय. कोण आलंय ते आता विचारणार होते. मी क्वालिटीवाली. डॉक्टर बदलून बघा, असं मी म्हणणारच होते, तेवढ्यात आम्हाला कोणीतरी चटई टाकली. "बेन, बसा."

गावातला म्हातारा भगत शर्टावर मफलर गुंडाळून बसला होता. त्याच्यापुढे पाण्याने भरलेली पितळी वाटी. त्याने तांदळाचा एक दाणा पाण्यावर अगदी हलका सोडला. तो बाळाचा दाणा. मग तो घरातल्या म्हातारीकडे, म्हणजे मैत्रिणीच्या आजीकडे, बघून थांबला. आता तिने गेलेल्यांची नावं घ्यायची होती. एका नावाला एक दाणा. जो दाणा बाळाच्या दाण्याला जाऊन चिकटेल, तो माणूस आलेला.

आणि म्हातारीने हाका मारायला सुरुवात केली. मी हाका म्हणते, कारण ते नाव सांगणं नव्हतं. अंगणाच्या पलीकडे, पेंढ्याच्या पलीकडे, टेकडीकडे तोंड करून ती एकेकाला बोलवत होती. सासऱ्याचं नाव घेतलं. दाणा वेगळा तरंगत राहिला. दिराचं घेतलं. लहानपणी गेलेल्या मुलाचं घेतलं तेव्हा आवाज फाटला, पण थांबली नाही. मग तिने श्वास घेतला आणि एक नाव घेतलं. सोमवारी जन्मलेल्या माणसाचं.

माझ्याशेजारी सासूबाईंनी माझं मनगट पकडलं. नखं रुतली.

भगताने दाणा सोडला. तो थोडा फिरला, थबकला, आणि बाळाच्या दाण्याला जाऊन लागला. पाण्यावर हलके दाणे एकमेकांकडे ओढले जातात, हे मला ठाऊक आहे. त्या क्षणी मात्र मला काहीच ठाऊक नव्हतं. म्हातारी उठली, आत गेली, रडणाऱ्या बाळाला उचलून बाहेर आली. त्याच्या टाळूवर तेल घातलं आणि त्याच नावाने त्याला हाक मारली. पुन्हा मारली. ते नाव तिच्या नवऱ्याचं होतं. मग ती त्या एवढ्याशा जिवाला लटक्या रागाने म्हणाली, "किती उशीर केला रं?"

सगळे हसले. मी हसू शकले नाही. बाळ हुंदके देत देत शांत झालं, आईजवळ दिल्यावर दूधही प्यायलं. रडून दमलं असेल. मी ते त्या वेळीही मनात म्हटलं, आणि तरी माझे हात जोडले गेले होते. जगात एवढी माणसं जन्मतात, त्यातल्या एका पोराला बघून ही म्हातारी म्हणते की हा माझा. आणि ज्याचं शरीर जाळलं किंवा पुरलं, त्याचं नाव तिने एवढी वर्षं जपून ठेवलं होतं, परत आला तर देता यावं म्हणून.

चहा झाला. सासूबाई म्हातारीजवळ सरकल्या. दोघींची भाषा वेगळी, पण अडलं नाही. सासूबाईंनी विचारलं, "माय, धनीनं नाव लेतांना तुमले भ्याव नही लागनं?"

म्हातारीला प्रश्नच कळला नाही आधी. मग ती म्हणाली, "हाक नाय मारली त येल कसा तो? वाट कशी गावल त्याला?" आणि सुपारी कातरायला लागली.

परतताना इकोत मुलगा माझ्या मांडीवर झोपला. खानवेल रस्त्याच्या वळणांवर गाडी हेलकावत होती. सासूबाई खिडकीबाहेर बघत एकदम बोलायला लागल्या, मला सांगत होत्या की स्वतःला, कोण जाणे.

"एकदाव मी लिधं व्हतं नाव."

सकाळची वेळ होती. सासरे सायकलवर बागेकडे निघाले होते, भाकरीचं फडकं घरीच राहिलं. ही धावत शेताकडे जाणाऱ्या पांदीपर्यंत गेली. ते लांब गेलेले. "आयकतस का" म्हणून ओरडली, ऐकू गेलं नाही. आजूबाजूला कोणी नव्हतं. तेव्हा हिने नाव घेऊन हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा.

"त्या मांगे फिरनात अन् इतला हासनात, इतला हासनात. सायकल टाकी दिन्ही. माले म्हणनात, आखो एकदाव ले ना!"

"मग? घेतलंत पुन्हा?"

"मी लिधं नही. लाज वाटनी. फडकं दिधं अन् पळी उनू." त्या थांबल्या. "त्याच महिनामा मोटरना करंट लागना. गयात."

बायकोने नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे तिला लहानपणापासून सांगितलेलं. तिने एकदाच घेतलं आणि तो गेला. एवढी वर्षं ती हे कोणाजवळ बोलली नव्हती, मुलांजवळही नाही. मग लेकीने प्रेमाने तेच नाव आणून पाळण्यात ठेवलं.

"आते याले बी खाऊ का मी?" तिने झोपलेल्या नातवाच्या पायावरून हात फिरवला. "मन्हं तोंड चांगलं नही, बेटा."

विंचू नाही म्हणाले होते मी. तिच्या जिभेवर तो खरोखरच एवढी वर्षं बसलेला होता, आणि त्याला घेऊन ही बाई रोज माझ्या मुलाला भरवत होती, निजवत होती, एकदाही चूक होऊ न देता. मी तिचा हात धरून बसले, सिल्वासा येईपर्यंत.

ट्रंक तशीच पलंगापाशी राहिली. नवऱ्याने गाडीचं तिकीट काढलं होतं. मी त्याला म्हटलं, जाऊ दे त्यांना, आपण आग्रह करायचा नाही. मुलाला समजावलं, आजीला त्रास द्यायचा नाही. तो रुसून आतल्या खोलीत ठोकळे मांडत बसायचा.

निघायच्या आदल्या दिवशी माझी पहिली पाळी होती. दुपारी घरी आले, दार नुसतं लोटलेलं. मी चपला काढत होते तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला, म्हणून तिथेच थांबले. सासूबाई दाराकडे पाठ करून जमिनीवर बसल्या होत्या. पुढे परातीत पाणी. मुठीत तांदूळ. त्या आईचं नाव घेत होत्या. मग वडिलांचं. मग लहानपणी गेलेल्या एका बहिणीचं, जी होती हे आम्हाला माहीतच नव्हतं. दाणा सोडायच्या, बघायच्या, पुढचा घ्यायच्या.

मग त्या थांबल्या. मला वाटलं, आता उठतील आणि पाणी मोरीत ओततील. उजवा हात परातीवर तसाच अधांतरी होता. मी देवाला म्हटलं, त्याचंही नाव तेच आहे म्हणून म्हटलं, की आता तू बघ.

सासूबाईंनी मान वर केली आणि नाव घेतलं. पूर्ण नाव, आडून आडून नाही. हळू पण नाही. पांदीतून लांब गेलेल्या सायकलला ऐकू जावं, अशा आवाजात.

आतल्या खोलीतून उत्तर आलं, "ओ!"

दाणा दाण्याला लागला की नाही ते मी पाहिलं नाही. मला वाटतं, त्यांनीही पाहिलं नाही. मूठ सुटून सगळे तांदूळ परातीत पडले होते. ठोकळे आपटल्याचा आवाज झाला, मुलगा धावत बाहेर आला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहिला. आजीने आपल्याला बोलावलं, खरंच बोलावलं, हे त्याला पटत नव्हतं. मग तो हसायला लागला. इतका हसला, इतका हसला.

"आजी," तो म्हणाला, "आखो एकदाव ले ना!"

आणि या वेळी तिने घेतलं.